त्रेचाळीस नंबरची घंटा

१

सकाळी सातला निघायचं, दुपारी चारच्या सुमाराला पुढच्या निवाऱ्यावर पोचायचं, बूट काढायचे, पायांचे फोड एकमेकांना दाखवायचे आणि मग वहीत लिहायचं की आज कोणता प्राणी दिसला. चौदा दिवसांची ती डोंगरवाट. प्रत्येक मुक्कामाला दगडी निवारा, आणि प्रत्येक निवाऱ्यात ती जाडजूड वही. लोक अगदी हौसेने लिहितात. कोल्हा एक, अस्वल लांबून, रानबोकड सात. एका बहाद्दराने तर गरुडाचं चित्र काढलं होतं. ते कोंबडीसारखं दिसत होतं, पण हौसेला कोण काय म्हणणार?

लिफ्टवाल्याच्या नावापुढे दहा दिवस एकच शब्द होता. 'नाही.'

लिफ्टवाला म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारा. चौतीस वर्षं त्याने उंच इमारतींच्या पोटात, लिफ्टच्या त्या काळ्या विहिरीत घालवली. तिथे दिसून दिसून काय दिसणार? ग्रीस, तारांचे दोर आणि उंदीर. निवृत्त झाल्यावर माणसं खुर्ची गॅलरीत टाकतात आणि रस्त्यावरच्यांना नावं ठेवतात. याने मात्र घरात जाहीर केलं, "मला एकदा एक मोठं जनावर मोकळं बघायचंय. पिंजऱ्यातलं नको, टीव्हीवरचं नको. समोरासमोर."

"मग माझ्या भावाकडे जाऊन या दोन दिवस," बायको म्हणाली. पण बिचारीने मोजे भरून दिले, आणि आपल्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला सोबत जोडून दिला. म्हणजे लिफ्टवाल्याचा साडू.

हे साडू निवृत्त पोस्टमास्तर. काडीसारखे बारीक, आणि चालायला लागले की जणू तार पोचवायला निघालेत. दहा दिवसांत त्यांनी अकरा प्राणी पाहिले होते. दर वेळी तोच तमाशा.

"अरे लिफ्टराव, ते बघ!"

"कुठे?"

"त्या दगडाच्या मागे! अरे, गेलं ना. काय झोपलेला असतोस का?"

लिफ्टवाला झोपलेला नसायचा. कधी नाक शिंकरत असायचा, कधी पाणी पीत असायचा, आणि एकदा तर नुसता आभाळाकडे बघून साडूंच्या नावाने काहीतरी पुटपुटत होता. तेवढ्यात लांडगा येऊन गेला. पोस्टमास्तरांनी तो वेळेसकट वहीत नोंदवला, खाली दोन रेघाही मारल्या.

२

आता ती घंटा.

पहिल्या निवाऱ्यात प्रत्येकाच्या पिशवीला एक पितळी घंटा अडकवून देतात. मुठीएवढी, वर नंबर कोरलेला. चौदाव्या दिवशी परत करायची. घंटा वाजत राहिली की जनावरं आधीच बाजूला होतात, म्हणून ती. शिवाय त्या वाटेवर पंचवीस-तीस मैल माणूस नाही, तेव्हा सगळा कारभारच घंटेवर. अरुंद कड्यावर समोरून किंवा मागून घंटा ऐकू आली की अलीकडच्याने थांबून तिला वाट द्यायची. सकाळी निवारा सोडला की तिथली बाई पुढच्या निवाऱ्याला फोन करते, "दोन घंटा निघाल्या." पुढची बाई दोन बिछाने घालते, आणि दाराबाहेर घंटा वाजली की मगच कडी काढते. घंटा म्हणजे माणूस. शेकडो माणसं अशीच सुखरूप आली-गेली.

लिफ्टवाल्याची घंटा त्रेचाळीस नंबरची. तिच्या काठाचा एक टवका उडालेला होता. त्यामुळे 'टण्ण' झाल्यावर मागे एक बारीक 'खर्र' यायचं. दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आलं नसतं, पण याने आयुष्यभर आवाजावरून लिफ्टचं दुखणं ओळखलेलं. त्यात याचा डावा गुडघा अधू. पाऊल नेहमी थोडं उशिरा पडायचं. टण्ण खर्र, जरा थांबून, टण्ण खर्र. दहा दिवस, सकाळ ते दुपार. सासरच्या माणसांनी सुद्धा इतका छळ केला नव्हता.

अकराव्या दिवशी धुकं होतं. पोस्टमास्तर आपले टपालाच्या वेगाने पुढे निघून गेलेले. लिफ्टवाला एका वळणावर आला आणि गोठल्यासारखा उभा राहिला. वीस हातांवर, दगडावर, एक रानबोकड. निदान त्याचा मागचा अर्धा भाग तरी. पुढचा अर्धा धुक्यात होता.

लिफ्टवाल्याने श्वास धरला. आता फक्त बोकडाने वळायचं होतं.

टण्ण खर्र.

बोकड गेला. धुक्यात दोन दगड गडगडले आणि संपलं.

लिफ्टवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने पिशवी काढली, घंटा ओरबाडली, तिला उद्देशून असं काही बोलला की ते इथे लिहिता येत नाही, आणि सगळी ताकद लावून ती दरीत भिरकावली.

ती पडत गेली. टण्ण. टण्ण. बऱ्याच वेळाने, फार खाली, एकदा टण्ण. मग काही नाही.

"आता या म्हणावं," तो सगळ्या डोंगराला म्हणाला.

३

तासभर तो चालला. अगदी चोरपावलांनी, टाचा न टेकवता. आणि काय दिसलं? काही नाही. उलट सकाळपासून कुठेतरी एक पाखरू किचकिचत होतं, तेही गप्प झालेलं. असा माणूस, की त्याने घंटा काढली तर मौनव्रत पाखरांनी धरावं!

पाणी प्यायला तो थांबला तेव्हा मागून घंटा ऐकू आली.

त्याला बरं वाटलं. कुणीतरी माणूस येतोय. मागच्या निवाऱ्यात काल रात्री आपण दोघंच होतो, हे त्याला जरा उशिरा आठवलं. पण असेल कुणी वाटेत तंबू ठोकून राहिलेला. डोंगरात वेड्यांना तोटा नाही, आपणच नाही का?

टण्ण खर्र.

त्याने बाटलीचं बूच लावलं. मग परत काढून परत लावलं.

टण्ण खर्र. जरा थांबून, टण्ण खर्र.

आपलीच घंटा. यात शंका नव्हती. चौतीस वर्षं कान विकून पोट भरलेला माणूस तो, एवढंही कळणार नाही? त्याने मनाशी नीट विचार केला. घंटा दरीत पडली. खालच्या वाटेने कुणीतरी येत होतं, त्याला ती सापडली, तो भला माणूस ती आणून देतोय. खाली वाट नव्हती. बरं, असेल, नकाशात दाखवली नसेल. आणि तो माणूसही डाव्या पायाने अधू. असतात. गुडघे काय एकट्या लिफ्टवाल्याचेच जातात?

वाट तिथे कड्यावरून होती, हातभर रुंद, आणि मध्ये डोंगर कोरून दोन माणसं उभी राहतील एवढी खोबण केलेली. नियमाप्रमाणे तो खोबणीत उभा राहिला, पाठ दगडाला लावून. घंटा जवळ आली, आणखी जवळ आली, आणि धुक्यात, अगदी वळणापलीकडे, थांबली.

"या या!" लिफ्टवाला ओरडला. "माझीच आहे ती. फार उपकार झाले!"

काही नाही.

"अहो, या ना पुढे. मी वाट दिलीय."

घंटा एकदा वाजली. जागच्या जागी. जशी एखाद्याने हातात धरून, कसा आवाज येतो ते बघायला वाजवावी.

"काय थट्टा लावलीय?" आता त्याचं डोकं फिरलं. भीती नंतर वाटली, आधी रागच आला. दहा दिवस जनावरं तोंड दाखवत नाहीत, आणि आता माणूसही दाखवेना? "यायचं तर या, नाहीतर ठेवा तिथेच आणि चालते व्हा!"

मग एक गोष्ट घडली. वरच्या उतारावरून खुरांचा आवाज आला, एकदम, ढीगभर. दगड सुटले, धुकं ढवळल्यासारखं झालं, आणि त्याच्या डोक्यावरून, बाजूने, जवळजवळ अंगाला घासून, एक अख्खा कळप पळत गेला. ओल्या केसांचा उग्र वास आला. कुणाचा तरी गरम श्वास कानाला लागला. किती होते, कसले होते, काही दिसलं नाही. धुकं इतकं दाट की स्वतःचा हात दिसेना. एवढं मात्र कळलं, की ते सगळे घंटेकडून येत होते, आणि याची एकालाही भीती वाटली नव्हती.

कळप गेल्यावर घंटा पुन्हा चालायला लागली.

लिफ्टवाल्याने वाट देण्याचा नियम आणि पिशवी, दोन्ही तिथेच टाकलं आणि अधू गुडघा खांद्यावर घेतल्यासारखा पळत सुटला.

४

निवाऱ्याचं दार बंद होतं. आत चूल पेटलेली, सूपाचा वास, आणि पोस्टमास्तरांचं बोलणं. ते निवारेवाल्या बाईंना आपल्या नोकरीतली कुठलीतरी गोष्ट सांगत होते, आणि बाई 'हं, हं' करत होत्या, म्हणजे ऐकत नव्हत्या.

लिफ्टवाल्याने दारावर थाप मारली. आतलं बोलणं थांबलं.

"कोण आहे?" बाईंचा आवाज दारापाशी आला.

"मी. दुसरा माणूस. दार उघडा."

"घंटा वाजवा."

"घंटा नाहीये. पडली. दरीत पडली."

"मग येईल ती," बाई म्हणाल्या.

"अहो, कोण येईल?"

"घंटा. सकाळी दोन निघाल्या असा फोन आहे. एक आली, एक वाटेत आहे. पाच मिनिटांपूर्वीच मला कड्यावरून ऐकू आली."

लिफ्टवाल्याला इतका वैताग आला की त्याने कपाळ दारावर टेकलं. "बाई, ती घंटा माझी आहे, पण ती मी नाही. मी इथे आहे. माझा आवाज ऐकताय ना? माणसाचा आहे की नाही?"

"आवाजाचं काय," बाई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. रोजचं काम सांगावं तसं बोलत होत्या. "आवाज इथे सगळेच काढतात. मी घंटेला दार उघडते. सतरा वर्षं झाली."

"साडूभाऊ!" त्याने ओरडून दार दणादणा वाजवलं. "अहो साडूभाऊ, सांगा ना यांना! मी आहे!"

आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पोस्टमास्तरांची पावलं दाराजवळ आली. लिफ्टवाल्याच्या जिवात जीव आला. मग त्याला पोस्टमास्तरांचं कुजबुजणं ऐकू आलं, आणि त्यात ती लहान पोरासारखी खुशी होती, जी दर प्राण्याच्या वेळी असायची.

"बाई, काय सांगू तुम्हाला! अगदी हुबेहूब आमच्या साडूसारखं हो! ती रडकी सुरावट सुद्धा!"

"दारापासून लांब व्हा," बाई म्हणाल्या.

"तुमची बायको माझ्या बायकोची थोरली बहीण!" लिफ्टवाला ओरडला. "तुम्ही झोपेत पत्ते वाचता! तुमच्या डाव्या बुटात वर्तमानपत्र कोंबलेलं आहे!"

"वा!" पोस्टमास्तर आत भारावून म्हणाले. "वा! किती दिवस आमच्या मागावर असेल ते!"

मागे, अंगणाच्या टोकाला, टण्ण खर्र झालं.

इथे लिफ्टवाल्याने चूक केली. दारातच ठाण मांडून बसायला हवं होतं. कडी निघाली असती की अंग आत लोटायचं, मग पुढचं पुढे. पण चौतीस वर्षं विहिरीत काम केलेल्या माणसाला एक सवय असते. वरून काहीतरी येतंय असं वाटलं की आधी बाजूला व्हायचं, विचार नंतर करायचा. तो बाजूला झाला. भिंतीलगत लाकडांचा ढीग होता, त्याच्या मागे जाऊन बसला.

त्याने बघितलं नाही. ज्याच्यासाठी अकरा दिवस पायांची चाळण केली, ते दहा पावलांवरून गेलं, आणि हा गुडघ्यांत डोकं घालून बसला. ऐकलं मात्र सगळं. पावलं, त्यातलं डावं उशिरा. घंटा. कडी. आणि पायपुसण्यावर पाय पुसल्याचा आवाज. फार वेळ. इतका वेळ कुणी पाय पुसत नाही.

"या," बाई म्हणाल्या. "सूप गरम आहे."

कडी लागली.

५

लाकडांच्या ढिगावर, हातभर उंचीवर, एक लहान खिडकी होती. काच आतल्या वाफेने धूसर झालेली. लिफ्टवाला स्वतःशी बराच वेळ भांडला, आणि मग उभा राहिला.

चूल दिसली. टेबल, त्यावर तीन वाडगे. भिंतीला दोन पिशव्या टांगलेल्या. पोस्टमास्तर खुर्चीत, हातवारे करत.

"अरे लिफ्टराव, तू परत हुकलास! आत्ता, अगदी दाराशी आलं होतं. तुझा आवाज काढत होतं रे! अगदी तुझा! काय नशीब घेऊन आलायस तू, देव जाणे."

त्यांच्या समोर, चुलीजवळ, पाठमोरं कुणीतरी बसलं होतं. वाफेमुळे नुसता आकार. ओली, जाड पाठ. मान खांद्यांत रुतलेली. दमलेला माणूस बसतो तसंच. लिफ्टवाल्याचं तर्कशास्त्र तेवढ्यातही धावून आलं. बघ, माणूसच आहे. कुणीतरी भामटा. घंटा उचलली, फुकट सूप प्यायला आत शिरला. सकाळी पोलिसात देऊ.

पोस्टमास्तरांनी आपले हात चुलीपुढे धरले, शेकायला. समोरच्याने ते जरा वेळ पाहिलं. मग त्यानेही हात पुढे केले.

तळवे स्वतःकडे होते. हातांची मागची बाजू जाळावर, इतकी जवळ की केस जळल्याचा वास काचेच्या फटीतून बाहेर आला. ते हात तसेच राहिले. हलले नाहीत.

"थंडी फार वाजलेली दिसते तुला," पोस्टमास्तर कौतुकाने म्हणाले.

लिफ्टवाला खाली बसला.

६

कधीतरी त्याचा डोळा लागला असेल, कारण जाग आली तेव्हा उजाडलं होतं. अंगावर दहिवर साचलेलं, बोटं वळत नव्हती, घसा इतका बसलेला की गिळवेना. अंगण रिकामं. लांबून दोन घंटा ऐकू येत होत्या, उताराला लागलेल्या. एक पोस्टमास्तरांची, चटचट. दुसरी, टण्ण खर्र.

त्याने दार वाजवलं. आत बाई फोनवर बोलत होत्या. "हो, दोन निघाल्या. मजेत आहेत. एकाला भूक फार." मग दाराशी येऊन म्हणाल्या, "दोन आल्या, दोन गेल्या. आता जा तूसुद्धा."

जनावराला कुंपणावरून हुसकावतात तशा सुरात पहिल्यांदाच कुणीतरी त्याला जा म्हटलं होतं.

तो पळाला. दोन दिवसांनी ते दोघं वाट उतरणार होते. शेवटच्या निवाऱ्यात घंटा परत करतील, गाडीत बसतील, आणि पोस्टमास्तर एका माणसाला त्याच्या बायकोच्या दारात नेऊन उभं करतील. 'घे तुझा नवरा, वैताग आणला यानं,' असं म्हणतील. ती दार उघडेल. मोज्यांचं विचारेल. हे मनात आलं आणि त्याने वाट सोडली, सरळ उभ्या उतारावरून उतरायला लागला. पायांपेक्षा हातच जास्त वापरावे लागत होते. झुडपं धरत, घसरत, दगडांना बिलगत. बूट कुठेतरी चिखलात राहिला. कपड्यांच्या चिंध्या झाल्या. पण वाट खालून वळसा घालून येत होती, आणि हा वरून तिच्या आधी पोचला.

कड्याच्या टोकावर तो आला, तेव्हाच धुकं फाटलं. सबंध अकरा दिवसांत इतकं स्वच्छ कधी झालं नव्हतं. खाली, दगड टाकला तर लागेल इतक्या अंतरावर, वाट. वाटेवर पोस्टमास्तर. आणि त्यांच्या मागे दोन पावलांवर ते, डावा पाय जरा उशिरा टाकत, डोक्यावर टोपडं ओढलेलं.

"साडूभाऊ!"

कालच्या ओरडण्याने आणि रात्रीच्या गारठ्याने बसलेल्या घशातून काय बाहेर आलं, ते त्याचं त्यालाच ओळखू आलं नाही.

पोस्टमास्तर थबकले. वर बघितलं. घाईघाईने गळ्यातली दुर्बीण डोळ्यांना लावली, आणि सरळ त्याच्यावर रोखली. लिफ्टवाल्याने दोन्ही हात वर केले, हलवले. साडूंचा चेहरा उजळत गेला. ओळखलं! त्याला रडूच आलं. ओळखलं एकदाचं!

पोस्टमास्तरांनी दुर्बीण न काढता दुसऱ्या हाताने मागच्याची बाही चाचपली, धरली आणि ओढली.

"लिफ्टराव," ते हळूच म्हणाले. त्या स्वच्छ हवेत शब्द न् शब्द वर पोचत होता. "वर बघ. हळू. बघ रे कसं उभं राहिलंय, दोन पायांवर! आता हुकू नकोस, आपल्याकडेच बघतंय. आणि ती घंटा धर, नाहीतर पळेल."

मागच्याने घंटा मुठीत धरली. मग टोपडं मागे सारलं आणि सावकाश मान वर करायला लागलं.

लिफ्टवाल्याने डोळे गच्च मिटून घेतले.